विद्यापीठीय दूरचित्रवाणी कार्यक्रम

विद्यापीठाने अथवा विद्यापीठांच्या समन्वयासाठी स्थापन झालेल्या संस्थेने उच्च शिक्षणाच्या प्रसारार्थ निर्माण केलेले दूरचित्रवाणी कार्यक्रम. त्यांचे प्रक्षेपण विद्यापीठाच्या स्वतःच्या वाहिनीवरून किंवा अन्य प्रक्षेपण संस्थेने दिलेल्या वेळेत होते. विषयांनुसार त्यांचे वर्गीकरण करण्याचा प्रघात असला, तरी कार्यक्रमाचे रूप मुख्यतः दोन गोष्टींवरून ठरते : प्रेक्षक हा परीक्षेस बसणारा विद्यार्थी आहे की केवळ जिज्ञासू आहे, आणि जे दाखवावयाचे ते पुस्तकातून सांगता येण्याजोगे आहे की नाही.

सर्वांत जुना व अल्पखर्चिक प्रकार व्याख्यानाचा. अमेरिकेतील ह्यूस्टन विद्यापीठाशी निगडित असलेले केयूएचटी हे शैक्षणिक केंद्र २५ मे १९५३ रोजी सुरू झाले आणि त्यावरून श्रेयांक देणारे पाठ दाखविले जाऊ लागले. न्यूयॉर्क विद्यापीठाची ‘सनराइज सेमिस्टर’ ही पहाटेची पाठमाला १९५७ ते १९८२ अशी पाव शतक चालली. तिच्या पहिल्या सत्रात स्तांदाल या फ्रेंच कादंबरीकाराची कादंबरी नेमलेली होती. ती न्यूयॉर्कच्या पुस्तकांच्या दुकानांतून पाहता पाहता संपली. श्रेयांकासाठी नोंदणी केलेल्यांची संख्या मात्र त्या मानाने अल्प होती. व्याख्यान हा प्रकार नीरस म्हणून हिणविला जातो, पण ते सर्वस्वी न्याय्य नाही. चीनच्या केंद्रीय नभोवाणी व दूरचित्रवाणी विद्यापीठाने १९७९ पासून बव्हंशी साधी व्याख्यानेच प्रक्षेपित केली. कारखान्यांतून व कचेऱ्यांतून गट करून ती पाहिली जात, स्थानिक मार्गदर्शक शंका सोडवीत व शेवटी परीक्षा होई. म्हणूनच ती फलदायी ठरली.

प्रात्यक्षिक व क्षेत्रचित्रण हा दुसरा प्रकार माध्यमाच्या प्रकृतीस अधिक जवळचा आहे. ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाचे (सनद १९६९) कार्यक्रम जानेवारी १९७१ पासून बीबीसीवरून दाखविले जाऊ लागले. अभ्यासाचा गाभा छापील पाठ्यघटकांत असे. दूरचित्रवाणीचा वाटा अल्प असून तो घरी न करता येणारे प्रयोग, महागडी उपकरणे, दूरची भूस्तररचना यांसारख्या गोष्टींसाठी राखलेला असे. साधारणपणे पंचवीस मिनिटांच्या या कार्यक्रमांत विद्यापीठाचा अध्यापक व बीबीसीचा निर्माता यांचा बरोबरीचा सहभाग होता. अध्यापकांचे पोशाख व दाढ्या यांची वृत्तपत्रांतून पुष्कळ थट्टा झाली; तथापि नोंदणी न केलेले असंख्य लोकही हे कार्यक्रम आवडीने पाहत. अभ्यासक्रमाचे असे प्रक्षेपण डिसेंबर २००६ मध्ये थांबले.

तिसरा प्रकार व्यक्ती-अध्ययन अथवा अनुबोधपट यांचा. एखादी शाळा, कारखाना किंवा वस्ती जशीच्या तशी दाखवून तिचे विश्लेषण प्रेक्षकावर सोपवावयाचे, ही त्यामागील कल्पना. दिसावयास हा प्रकार सर्वांत आकर्षक, परंतु अध्ययनास तितकाच कठीण. टोनी बेट्स व मार्गारेट गॅलाघर यांनी मुक्त विद्यापीठाच्या अशा कार्यक्रमांचा अभ्यास केला, तेव्हा अनेक विद्यार्थ्यांना समोरचे दृश्य व अभ्यासक्रमातील सिद्धांत यांची सांगड घालता येत नाही, असे दिसून आले. काय पाहावयाचे हे सोबतच्या टिपणांतून आधी सांगितल्याशिवाय असा कार्यक्रम नुसती करमणूक ठरण्याचा संभव असतो. चर्चा, मुलाखत, नाट्यरूपांतर व प्रश्नमंजूषा हे प्रकारही रूढ आहेत.

भारतात विद्यापीठ अनुदान आयोगाचा ‘कंट्रीवाइड क्लासरूम’ हा उपक्रम १५ ऑगस्ट १९८४ रोजी इन्सॅट-१ बी उपग्रहाच्या साहाय्याने दूरदर्शनवरून सुरू झाला. त्यासाठी निवडक विद्यापीठांत निर्मितिकेंद्रे स्थापण्यात आली. पुणे विद्यापीठातील केंद्र हे आरंभीच्या केंद्रांपैकी एक होय. निरनिराळ्या विद्यापीठांचे अभ्यासक्रम भिन्न असल्याने कार्यक्रम पाठ्यक्रमाशी न जोडता ज्ञानसमृद्धीपर ठेवण्यात आले. एका तासात विविध विषयांवरील छोटे कार्यक्रम गुंफलेले असत. आरंभी त्यांत परदेशी कार्यक्रमांचे प्रमाणही बरेच होते. उद्देश लहान गावांतील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचण्याचा. भाषा मात्र मुख्यतः इंग्रजी. ज्याच्यासाठी ही योजना होती त्याच विद्यार्थ्याला इंग्रजी निवेदनाचा वेग झेपणे अवघड होते. शिवाय कार्यक्रमाचा परीक्षेशी संबंध नसल्याने ऐन दुपारी तास सोडून दूरचित्रवाणी संचासमोर बसण्याचे प्रयोजनही उरत नसे. हिंदी कार्यक्रमांची भर नंतर पडली. मराठीतून दृक्‌श्राव्य पाठ तयार करण्याचे काम नासिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने (स्थापना १९८९) हाती घेतले.

निर्मितिकेंद्रांच्या समन्वयासाठी १९९३ मध्ये स्वतंत्र आंतरविद्यापीठीय संस्था स्थापन झाली. ज्ञानदर्शन (२०००) व व्यास (२००४) या वाहिन्यांनंतर २०१७ मध्ये ‘स्वयंप्रभा’ हा वाहिनीसमूह सुरू झाला. त्याच्या मूळ योजनेनुसार प्रत्येक वाहिनीवर दररोज किमान चार तासांचे नवे पाठ दाखवून दिवसभरात त्यांची पाच वेळा पुनरावृत्ती व्हावयाची होती. चोवीस तासांची वाहिनी भरावयाची, तर व्याख्यानाइतका सुलभ प्रकार दुसरा नाही. त्यामुळे पाठ्यक्रमाधिष्ठित व्याख्यानास पुन्हा अग्रस्थान मिळाले असून क्षेत्रचित्रणावर आधारलेले कार्यक्रम तुलनेने मागे पडले आहेत.