प्रतिजैविकांचा पहिला डोस आणि परिचारिकेची जबाबदारी

प्रतिजैविक कोणते द्यावयाचे हे डॉक्टर ठरवितात; मात्र रुग्णालयात पहिला डोस बहुधा परिचारिकाच देते. त्यापूर्वी कल्चर तपासणीसाठी रक्ताचा नमुना घेणे राहून गेले, तर नंतरच्या नमुन्यात जिवाणू वाढतीलच असे नाही. मग नेमके औषध निवडणे अवघड होते, अनेक जिवाणूंवर चालणारे औषधच चालू राहते आणि प्रतिरोधास वाव मिळतो. भारतीय परिचर्या परिषदेने २०२१ मध्ये सुधारलेल्या बी.एस्सी. नर्सिंग अभ्यासक्रमात सूक्ष्मजीवशास्त्रासोबत संसर्ग नियंत्रण आणि प्रतिजैविकांचा जबाबदार वापर यांचा समावेश आहे. हातांची स्वच्छता पाठ होते. नमुन्याची वेळ साधणे कठीण. गंभीर जंतुसंसर्गात तर नमुन्यासाठी औषध लांबविता येत नाही. म्हणून दोन्ही कामे काही मिनिटांत उरकण्याचा सराव विद्यार्थ्यांकडून वॉर्डातच करून घ्यावा लागतो.