थंडीतली पाखरं आणि आपला मोबाईल

ज्वारी निसवायला लागली की आपल्या भिगवणच्या पट्ट्यात दोन तऱ्हेचे पाहुणे येतात. एक भोरड्या. त्यांना आपण गोफण घेऊन हाकलतो. दुसरे उजनीच्या पाण्यावर उतरणारे रोहित, पट्टकादंब, चक्रवाक. त्यांना बघायला लांबून माणसं मोठमोठे कॅमेरे घेऊन येतात. गेले दोन हिवाळे आमच्या बचत गटातल्या आम्ही पाच-सहा जणीही फोटो काढायला जातो. कॅमेरा कुणाकडेच नाही, घरातला मोबाईल असतो. त्यातून जे शिकलो ते आज सांगणार आहोत.

आधी हे पक्षी इथं का येतात ते बघू. भीमा नदीवरचं उजनी धरण १९८० साली पूर्ण झालं. पावसाळ्यात फुगवटा भरतो आणि हिवाळा सरेल तसं पाणी उतरतं. मग उघड्या पडलेल्या गाळात आणि उथळ पाण्यात शेवाळ, किडे, बारीक जीव मिळतात. रोहित मान खाली घालून, चोच उलटी धरून पाणी गाळतो आणि त्यातलं खाणं टिपतो. त्या खाण्यातल्या रंगानंच त्याचे पंख गुलाबी होतात. पट्टकादंब तर तिबेट-मंगोलियाकडून हिमालय ओलांडून येतात.

आता फोटोचं. सकाळी ऊन कोवळं आणि तिरपं असतं, तेव्हा रंग छान येतात. सूर्य आपल्या पाठीशी ठेवायचा. निघताना मोबाईलची काच मऊ सुती कापडानं पुसायची. आपला हात कधी पिठाचा, कधी तेलाचा, त्यामुळे निम्मे फोटो तिथंच धुरकट होतात. बगळा टिपताना स्क्रीनवर त्याच्यावर बोट टेकवून उजेड थोडा कमी करायचा, नाहीतर नुसता पांढरा ठिपका दिसतो. बोटांनी फार जवळ ओढू नका, चित्र फाटल्यासारखं होतं. त्यापेक्षा पाणी, होडी, थवा असं सगळं येऊ द्या. फ्लॅश बंद ठेवा. खाली बसून, दोन्ही कोपर गुडघ्यांवर टेकवले की हात हलत नाही.

दरवेळी पाण्यावरच जायला हवं असंही नाही. मोटेच्या जुन्या विहिरीवरचा खंड्या, म्हशीच्या पाठीवरचा कोतवाल, पाटाच्या कडेनं शेपटी हलवत पळणारा धोबी हेही चांगले सापडतात. आमच्यातल्या एका ताईंचा सगळ्यात सुंदर फोटो धुणं धुताना मिळाला आहे.

एक चूक मात्र सांगायलाच हवी. पहिल्या हिवाळ्यात आम्ही होडीतून रोहित बघायला गेलो. फोटो लहान येत होते, म्हणून नावाड्याला म्हणालो, "दादा, अजून थोडं पुढं घ्या." ते नको म्हणत होते, पण आम्ही हट्ट धरला. सगळा थवा एकदम उडाला. लाल-काळे पंख उघडलेले, फोटो असा आला की सगळ्यांनी वाहवा केली. पण पक्षी त्या सकाळी तिथं परतले नाहीत. मागून दोन होड्या पाहुणे घेऊन आल्या, त्या तशाच माघारी फिरल्या. नावाडी दादा एवढंच म्हणाले, "ताई, तुमचा फोटो झाला, पण माझा दिवस गेला."

ते बोलणं आम्हाला लागलं. कारण आमच्याच गटातल्या बायका त्या पाहुण्यांना चुलीवरचं जेवण करून घालतात. पाहुणे परतले की भाकरीही उरते. आणि पाखरांचं काय? त्यांना परतीच्या प्रवासासाठी अंगात बळ साठवायचं असतं. पुन्हा पुन्हा उडवलं तर खाणं राहतं आणि आहे ते बळही खर्च होतं. एखादी जागा रोजच त्रासाची झाली तर ती तिथं बसेनाशी होतात.

तेव्हापासून आमचा नियम ठरला. पक्ष्यांनी खाणं थांबवून माना वर केल्या की आपण थांबायचं. तरी ते चालू लागले तर मागं सरायचं. टाळ्या वाजवायच्या नाहीत, खडा मारायचा नाही, घरट्याजवळ तर जायचंच नाही.

अजून एक काम करा. फोटोसोबत तारीख आणि जागा गटाच्या वहीत लिहा. रोहित कधी आले, कधी गेले, पाणी कुठवर होतं. आमच्या वहीत आता दोन हिवाळे जमा झालेत. त्यामुळे पाहुण्यांनी फोनवर विचारलं, की अंदाजानं नाही, वही बघून सांगता येतं.

सकाळी बाईमाणूस मोबाईल घेऊन कुठं निघाली, असं आम्हालाही विचारलं गेलं. आम्ही दोघी-तिघी मिळून निघालो, परत येऊन फोटो सासूबाईंना दाखवले. आता त्याच विचारतात, "आज काय दिसलं?"

दरवर्षी ५ ते १२ नोव्हेंबर हा आपल्या राज्यात पक्षी सप्ताह असतो. मारुती चितमपल्ली आणि सालिम अली यांच्या जन्मदिवसांमधला हा आठवडा. यंदा तुमच्या गटानं त्या आठवड्यात एक सकाळ काढा. फोटो बरा आला नाही तरी चालेल, पण तुम्ही निघाल तेव्हा पाखरू जागेवरच चरत असू द्या.