अकरा रिकाम्या ओळी

इंग्लंडच्या दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या श्रेणीतल्या 72 फुटबॉल क्लबांनी जून 2018 मध्ये मतदान घेऊन एक जुनी सक्ती उठवली. घरच्या मैदानावरच्या सामन्यासाठी अधिकृत प्रोग्राम, म्हणजे संघांची यादी आणि सामन्याची माहिती देणारी पुस्तिका, छापायचा की नाही, हे तेव्हापासून ज्याचे त्याने ठरवायचे. खप घसरला होता, छपाई परवडत नव्हती आणि संघाची यादी सामन्याआधीच मोबाइलवर येत होती. ही कारणे खरी आहेत. तरीही प्रोग्राम बंद करणाऱ्या क्लबाच्या हातून त्याच्या इतिहासाचा सर्वांत भरवशाचा कागद निसटतो, असे माझे ठाम मत आहे. प्रोग्राम सामन्याआधी छापला जातो आणि छापल्यावर बदलता येत नाही. त्याची ही अडचणच त्याला पुराव्याचे मोल देते.

पूर्वेतिहास थोडक्यात सांगायचा तर सुरुवात एका साध्या कागदाने झाली. 1882 च्या एफ. ए. कप अंतिम सामन्याचा, ओल्ड इटोनियन्स विरुद्ध ब्लॅकबर्न रोव्हर्सचा, असा एक कागद 2013 साली लंडनच्या लिलावात 35,250 पौंडांना गेला. महायुद्धात कागदटंचाईमुळे प्रोग्राम पुन्हा एका पानावर आले आणि साठच्या दशकात व्यवस्थापक जिमी हिल यांच्या कोव्हेंट्री सिटीसारख्या क्लबांनी त्यांना मासिकाचे रूप दिले.

प्रोग्रामशिवाय त्या काळी मैदानावर अडतही असे. मध्यंतरात मैदानाकडेच्या फलकावर इतर सामन्यांचे गोल लावले जात, पण संघांची नावे तिथे नसत. फक्त ए, बी, सी अशी अक्षरे आणि त्यांच्यापुढे आकडे. कोणते अक्षर कोणत्या सामन्याचे, हे प्रोग्राममध्ये छापलेले असे. ज्याच्या हातात प्रोग्राम, त्याच्याभोवती शेजारचे गोळा होत. लिहिणारेही भारदस्त होते. आर्सेनलच्या प्रोग्राममध्ये लिहिणारे पत्रकार जॉर्ज ॲलिसन पुढे त्याच क्लबाचे संचालक झाले, 1927 च्या कप अंतिम सामन्याचे रेडिओ समालोचन त्यांनी केले आणि 1934 मध्ये ते व्यवस्थापक झाले.

या कागदाचे मोल सर्वांत स्पष्ट दिसते ते मँचेस्टर युनायटेडच्या ‘युनायटेड रिव्ह्यू’च्या एका अंकात. 6 फेब्रुवारी 1958 रोजी म्युनिकच्या विमान अपघातात संघ उद्ध्वस्त झाला. आठ क्रीडापत्रकारही गेले; त्यांत ‘मँचेस्टर इव्हनिंग क्रॉनिकल’चे आल्फ क्लार्क होते, याच प्रोग्राममध्ये नेमाने लिहिणारे. तेरा दिवसांनी, 19 फेब्रुवारीला, शेफिल्ड वेन्सडेविरुद्ध कपचा सामना होता. संघात कोण खेळणार, हे छपाईच्या वेळी ठरलेच नव्हते. नवा खेळाडू स्टॅन क्राउदर याचा करार तर सामन्याच्या जेमतेम तासभर आधी झाला. मधल्या पानावर शेफिल्डच्या अकरा खेळाडूंची नावे छापली गेली आणि युनायटेडच्या जागी अकरा रिकाम्या ओळी. युनायटेडने सामना 3-0 असा जिंकला. दोनच दिवसांनी अपघातात जखमी झालेला युनायटेडचा खेळाडू डंकन एडवर्ड्स रुग्णालयात वारला. निकाल कोणत्याही जुन्या वर्तमानपत्रात सापडेल. पण खेळ सुरू होण्यापूर्वी त्या क्लबाला आपला संघ माहीत नव्हता, ही अवस्था त्या एका पानानेच जपली आहे. संकेतस्थळ असते तर यादी संध्याकाळी भरली गेली असती आणि ती रिकामी जागा कुणालाही दिसली नसती.

यावर पहिला आक्षेप असा, की अधिकृत प्रकाशन म्हणजे क्लबाची भाटगिरी; त्याला पुरावा कसे म्हणायचे? भाटगिरी असतेच. व्यवस्थापकाच्या नावाचा मजकूर पुष्कळदा दुसऱ्यानेच लिहिलेला असतो. पण तारीख छापलेली भाटगिरीही साक्ष देते. ऑगस्टमध्ये ज्याच्यावर विश्वास व्यक्त केला, त्या व्यवस्थापकाला नोव्हेंबरमध्ये काढले, तर ऑगस्टचे पान तसेच राहते. दुसरा आक्षेप, की हे सारे संकेतस्थळावर अधिक मिळते. मिळते, पण क्लबाने नवी रचना केली की जुनी पाने गायब होतात आणि मजकूर बहुधा निनावी असतो. प्रोग्राममध्ये आकडेवारी जमवणारा, जुन्या सामन्यांवर लिहिणारा गावातला जाणकार आपल्या नावानिशी लिहायचा, म्हणून चूक झाली तर जाब कुणाला विचारायचा हे वाचकाला ठाऊक असायचे. तिसरा आक्षेप पैशाचा, आणि तो सर्वांत वजनदार आहे. त्यावर उत्तर एवढेच, की शंभर रंगीत पाने कुणी मागत नाही. सोळा साधी पाने, थोड्या प्रती आणि लेखकांची नावे, एवढे लहान क्लबालाही झेपावे.

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या किंवा तिकडे सामना पाहायला जाणाऱ्या मराठी वाचकांना म्हणूनच एक विनंती. प्रोग्राम मिळत असेल तर विकत घ्या, ऐनवेळी बदललेल्या खेळाडूंची नावे पेनाने त्यावर लिहा आणि तो जपून ठेवा.