पिल्लं रडतात, ताट आईपुढे ठेवा

लांबोडं अंग आणि आखूड पाय पाहून फेरेट हे मुंगसाचं भावंड वाटतं. प्रत्यक्षात तो आपल्याकडच्या पाणमांजराचा नातलग आहे. मुंगूस कुळाने मांजरांच्या बाजूचं. ब्रिटनमध्ये सशांच्या बिळात सोडायला पिढ्यान्‌पिढ्या पाळलेला हा प्राणी आता युरोप-अमेरिकेत घरांतून सोफ्याखाली झोपतो (कॅलिफोर्निया आणि हवाई सोडून, तिथे तो पाळायलाच बंदी आहे). मादी साधारण 42 दिवसांनी विते. एका वेताला सरासरी आठ पिल्लं होतात, कधी पंधराच्या घरातही जातात. जन्मलेलं पिल्लू आठ-दहा ग्रॅमचं, म्हणजे पाच रुपयांच्या जुन्या जाडजूड नाण्याएवढ्या वजनाचं असतं. डोळे मिटलेले, अंगावर नावापुरती लव. अशी आठ नाणी घरट्यात रात्रभर किंचाळू लागली, की पाळणाऱ्याचा हात आपसूक ड्रॉपरकडे जातो. आईचं दूध कमी पडतंय तर आपण पाजू, हा तो विचार. हेतू चांगलाच आहे, पण पहिल्या तीन आठवड्यांत सगळ्यात जास्त नुकसान बहुधा या ड्रॉपरनेच होतं. पिल्लांपर्यंत पोचायची वाट आईच्या पोटातूनच जाते.

दूध म्हणजे दूध, ही समजूत आधी बाजूला ठेवू. गाईच्या दुधात स्निग्धांश चारेक टक्के असतो आणि दुधातली साखर त्याहून थोडी जास्त. फेरेटच्या दुधात स्निग्धांश आणि प्रथिनं दोन्ही बरीच अधिक असतात. म्हणून गाईच्या दुधावर पिल्लाचं पोट भरल्यासारखं दिसतं, पण वजन हलत नाही. जुलाब लागले तर एवढ्याशा अंगातलं पाणी संपायला वेळ लागत नाही. कुत्र्या-मांजरांच्या पिल्लांसाठी मिळणारी दुधाची पावडर यापेक्षा कितीतरी बरी, आणि तीतसुद्धा जाणकार मलई घालून स्निग्धांश वाढवतात. तरीही दोन आठवड्यांच्या आतलं पिल्लू निव्वळ बाटलीवर जगवणं अनुभवी माणसालाही क्वचितच साधतं. थेंब चुकून श्वासनलिकेत गेला तर न्यूमोनिया होतो. शिवाय पाजल्यावर ओल्या कापसाने पोटाखाली हळूच चोळलं नाही, तर पिल्लाला शी-शू होत नाही. ते काम आई जिभेने करत असते. आणखी एक गोष्ट नजरेतून सुटते. दूध ओढलं जातं तितकं तयार होतं. ड्रॉपरने पोट भरलेलं पिल्लू आईला कमी लुचतं, मग पान्हाही कमी होतो आणि उद्या ड्रॉपर जास्त लागतो. आईला दूध नाही हा निष्कर्ष अशा वेळी आपणच खरा करून दाखवतो.

दूध खरंच कमी आहे का, हे रडण्यावरून ठरवू नये, काट्यावर ठरवावं. पोट भरलेली पिल्लं एकमेकांत गुंतून गाढ झोपतात, हे खरं. पण थंडी वाजली तरी ती रडतात, आणि गार पडलेल्या पिल्लाला लुचायचीही ताकद राहत नाही. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा इथे उपयोगी पडतो. जन्माचं वजन पाचेक दिवसांत दुप्पट आणि दहा दिवसांत तिप्पट व्हायला हवं. तीन आठवड्यांचं पिल्लू शंभर ग्रॅमच्या आसपास जातं. सगळीच मागे असतील तर प्रश्न आईचा, आणि एखादंच मागे असेल तर त्या पिल्लाचा.

प्रश्न आईचा निघाला की आपल्या घरातली बाळंतीण आठवणं स्वाभाविक आहे. आळिवाची खीर, डिंकाचे लाडू, मेथी. फेरेटच्या बाबतीत हे सगळं विसरायचं. तो पक्का मांसाहारी आहे. त्याच्या आतड्याला अंधांत्र नाही, खाल्लेलं तीन-चार तासांत बाहेर पडतं, आणि धान्य-साखर त्याला नीट पचत नाही. दूध पाजणाऱ्या मादीला प्राणिज प्रथिनं 35 ते 40 टक्के आणि स्निग्धांश वीसच्या आसपास असलेलं खाणं लागतं, तेही चोवीस तास समोर. वाटी घरट्याला लागूनच ठेवावी, कारण पहिल्या दिवसांत ती पिल्लांवरून उठायला तयार नसते आणि उपाशी बसून राहते. कोरडे दाणे कोमट पाण्यात भिजवून दिले तर खाण्याबरोबर पाणीही पोटात जातं. पाणी नळीच्या बाटलीऐवजी जड वाटीत द्यावं. दूध वाढवण्याचं औषध विचारणाऱ्यांनी आधी खाण्याची वाटी रात्री दोन वाजता रिकामी असते का, ते बघावं.

माणसाचा हात लागला की आई पिल्लं टाकते, हे आपण चिमणीच्या पिल्लांबद्दलही ऐकत आलो. रोज हाताळलेली मादी ओळखीच्या वासाने पिल्लं टाकत नाही. पण मादी पिल्लं खाते हेही खोटं नाही. गोंगाट, अनोळखी माणसं, दुसरा प्राणी, सारखं घरटं उघडणं अशा ताणाखाली ते घडतं, विशेषतः पहिल्या आठवड्यात. मग वजन कसं करायचं? मादी वाटीवर आली की, ओळखीच्याच माणसाने, झटपट.

आईला खाऊ घातलं की सगळं सुटतं, असा मात्र माझा दावा नाही. स्तनदाह झाला तर सडाभोवतीचा भाग कडक, गरम होतो. जांभळा-काळा पडू लागला तर प्रकरण तासांचं असतं आणि पशुवैद्याशिवाय इलाज नाही. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मादीचे मागचे पाय लटपटू लागले, झटके आले, तर रक्तातलं कॅल्शियम उतरलेलं असू शकतं. तेव्हाही दवाखानाच गाठायचा, घरातली गोळी नव्हे. तरीसुद्धा घाबरून सगळी पिल्लं एकदम काढून घेऊ नयेत. दूध थांबलं की मादी लवकरच पुन्हा माजावर येते. फेरेटचा माज समागमाशिवाय सहसा उतरत नाही, आणि लांबलेल्या माजातलं संप्रेरक हाडांतली रक्तनिर्मिती बंद पाडून तिचा जीव घेऊ शकतं.

राहिला सर्वांत सबळ आक्षेप: मादीला सड साधारण आठ आणि पिल्लं तेरा, तिथे खाऊ घालून काय होणार? बरोबर आहे, तिथे मदत लागतेच. पण ती बाटलीआधी दुसऱ्या आईकडे मागायची. त्याच सुमारास व्यालेली मादी परकी पिल्लं सहज पोटाशी घेते. (स्तनदाह झालेल्या मादीची पिल्लं मात्र डॉक्टरांना विचारूनच हलवावीत, त्यांच्या तोंडून संसर्ग दाईपर्यंत जातो.) विज्ञानालाही अशा दुसऱ्या आईवाचून पुढे जाता आलेलं नाही. अमेरिकेतले काळ्या पायांचे रानटी फेरेट 1987पर्यंत अवघे 18 उरले होते. त्यांच्यातल्या एकीच्या 1988मध्ये गोठवून ठेवलेल्या पेशींपासून 10 डिसेंबर 2020 रोजी एलिझाबेथ ॲन ही क्लोन जन्मली, ती एका पाळीव फेरेटच्या पोटी. दाई मिळालीच नाही, तर पिल्लं आईजवळच ठेवून मागे पडलेल्यांना आळीपाळीने वरचं दूध द्यावं. हे फार दिवस करावं लागत नाही. तिसऱ्या आठवड्यात पिल्लं भिजवलेलं मांसान्न चाटू लागतात. डोळे उघडायला अजून आठ-दहा दिवस असतात, तरी नाकाने वाटी शोधतात आणि चारही पायांनी तीत उतरतात.

समागम झाल्यावर हातात सहा आठवडे असतात. तेवढ्यात दोन पत्ते लिहून ठेवा: फेरेट तपासणाऱ्या डॉक्टरांचा, आणि त्याच आठवड्यात जिथली मादी विणार आहे अशा घराचा.