सरळ गाडी, तिरपं स्टेअरिंग

ताडोबाचं कोअर क्षेत्र १ जुलैपासून तीन महिने पर्यटनाला बंद होतं आणि हंगामभर जंगलात धावलेल्या जिप्सी गॅरेजांच्या दारात येऊन उभ्या राहतात. वाघाचे फोटो सगळेच छापतात, वाघापर्यंत नेणाऱ्या गाडीबद्दल मात्र कोणी लिहीत नाही, असं आमच्या संपादकांचं म्हणणं. म्हणून मी चंद्रपूर-मोहर्ली रस्त्यावरच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये जाऊन पोहोचलो. इंजिन, गिअरबॉक्स, फोर-व्हील-ड्राइव्ह या सगळ्याची टिपणं घ्यायचा बेत होता. पण पहिल्याच सकाळी एका जिप्सीखालच्या हातभर लांब दांड्याने माझं लक्ष ओढून घेतलं आणि बाकीचं बरंचसं राहून गेलं.

गाडीचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. मारुतीने जिप्सी बाजारात आणली १९८५ च्या डिसेंबरात. सुझुकीच्या एसजे ४१० या गाडीची ही लांब आवृत्ती: ९७० सीसीचं पेट्रोल इंजिन, लॅडर चासी, पुढे-मागे सलग ॲक्सल आणि चारही चाकांवर पाटे, म्हणजे लीफ स्प्रिंग. १९९६ मध्ये १.३ लिटरचं इंजिन घेऊन जिप्सी किंग आली. लष्कर, पोलीस, वनखातं, हिमालयातले रॅलीवाले अशा सगळ्यांनी ती वापरली. सामान्य ग्राहकांसाठी तिचं उत्पादन २०१९ मध्ये थांबलं. इंजिन बदललं, रुंदी थोडी वाढली, पण सलग ॲक्सल आणि पाटे शेवटपर्यंत तसेच राहिले. ताडोबात आज सहा पर्यटक, एक गाइड आणि एक चालक घेऊन जी उघडी गाडी धुळीत उतरते, तिची पुढची रचना पहिल्या जिप्सीचीच आहे.

त्या सकाळी आलेल्या चालकाची तक्रार साधी होती. गाडी नाकासमोर जाते, पण तेव्हा स्टेअरिंगचा आडवा दांडा आडवा नसतो. डावीकडे झुकलेला असतो. शेडच्या मिस्त्रींनी गाडी समोरच पुढे-मागे करून बघितली आणि उतरताना म्हणाले, "गाडी सरळच हाये भाऊ. स्टेअरिंग खोटं बोलून राह्यलं."

शहरात अशी गाडी लोक वर्षानुवर्षं चालवतात. हाताला सवय होते आणि काम भागतं. जंगलात ते चालत नाही, आणि का चालत नाही हे मला त्या चालकाने समजावलं. ताडोबातल्या कच्च्या वाटांवर, विशेषतः पावसानंतर, चाकांनी खोल चाकोऱ्या पडतात. पुढची चाकं एकदा चाकोरीत उतरली की चाकोरी नेईल तिकडे गाडी जाते. स्टेअरिंग थोडं इकडे-तिकडे वळवलं तरी गाडीच्या दिशेत फरक पडत नाही. चाकं काठाला घासत पुढे सरकत राहतात. चाकोरी उथळ झाली, काठ संपला, की वळलेल्या चाकांना अचानक पकड मिळते आणि गाडी त्या बाजूला उडी घेते. मागच्या उंच बाकावरची माणसं तेव्हा कॅमेरे सावरत उभी असतात. चिखलातली, पाण्यातली चाकं चालकाला दिसत नाहीत. ती सरळ आहेत की नाहीत हे त्याला कळतं ते हातातल्या चक्रावरून. म्हणून हे चालक स्टेअरिंगच्या बरोबर वरच्या टोकाला पांढरी टेप गुंडाळतात. टेप वर असेल तर चाकं सरळ, हा त्यांचा हिशेब. स्टेअरिंग तिरपं झालं की तो हिशेबच मोडतो.

आता गाडीखालच्या त्या दांड्याकडे येतो. जिप्सीत स्टेअरिंगचा रॉड खाली एका गिअरबॉक्समध्ये उतरतो. त्या बॉक्समधून एक आखूड हात बाहेर येतो, तो पिटमन आर्म. आपण चक्र फिरवलं की हा हात झुलतो. त्याच्या टोकापासून एक दांडा आडवा पलीकडच्या, म्हणजे डाव्या चाकाच्या नकलपर्यंत (चाक ज्यावर बसून वळतं त्या लोखंडी भागापर्यंत) जातो. तो ड्रॅग लिंक. दोन्ही चाकांना एकमेकांशी बांधणारा दुसरा दांडा म्हणजे टाय रॉड. दोघांची कामं स्वच्छ वेगळी आहेत. दोन चाकं एकमेकांशी किती समांतर राहायची हे टाय रॉड ठरवतो. चाकं सरळ असताना स्टेअरिंग कुठे राहायचं हे ड्रॅग लिंकची लांबी ठरवते.

ही लांबी बदलायची सोय दांड्यातच आहे. त्याच्या दोन टोकांना बॉल जॉइंट बसतात, एका बाजूला सरळ आट्यांचा आणि दुसऱ्या बाजूला उलट्या आट्यांचा. दोन्हीकडचे लॉकनट सैल करून दांडा एका दिशेला फिरवला की दोन्ही टोकं एकदम बाहेर सरकतात आणि दांडा लांबतो. उलट फिरवला की आखडतो. काहीही सुटं करावं लागत नाही. इतक्या साध्या रचनेत इतका विचार भरलेला बघून मला फार आनंद झाला. कोणा इंजिनिअरने कधीतरी कागदावर ठरवलं असेल की हे काम गाडीखाली उताणं पडलेल्या माणसाला दोन पान्यांनी करता आलं पाहिजे, आणि ते आजही तसंच होतं.

पण मिस्त्रींनी पान्याला लगेच हात लावला नाही. शेडमधल्या पोराला ते म्हणाले, "अबे, आधी हवा पाह्य." चारही टायरमधली हवा सारखी नसेल तर गाडी एका अंगाला ओढते, चालक नकळत स्टेअरिंग धरून ठेवतो आणि सगळं निदान चुकतं. हवा झाली. मग मोजायची टेप घेऊन उजवीकडच्या पुढच्या हबपासून मागच्या हबपर्यंत अंतर मोजलं, तसंच डावीकडेही. पाटे ॲक्सलवर जागेला धरून ठेवतं ते सेंटर बोल्टचं डोकं. तो बोल्ट तुटला तर ॲक्सल एका बाजूला मागे सरकतो, गाडी खेकड्यासारखी तिरकी चालते आणि अशा वेळी ड्रॅग लिंक फिरवणं म्हणजे आजार सोडून दुसऱ्याच दुखण्यावर औषध देणं. या गाडीत दोन्ही अंतरं जुळली. मग गाडी जॅकवर घेतली, खाली घोड्या लावल्या. पोराने वर बसून स्टेअरिंग डावी-उजवीकडे हलकं हलवत राहायचं आणि मिस्त्रींनी खाली एकेका बॉल जॉइंटवर हात ठेवून बघायचं, असं बराच वेळ चाललं. ढिला सांधा डोळ्याला दिसण्याआधी तळहाताला लागतो. डाव्या चाकाकडचा एक जॉइंट त्यांनी बदलायला काढला.

त्यानंतरची पायरी मी आधी कुठेच पाहिली नव्हती. त्यांनी ड्रॅग लिंक पिटमन आर्मपासून सोडवली. मग स्टेअरिंग एका टोकाला अडेपर्यंत फिरवलं, तिथून दुसऱ्या टोकापर्यंत फेरे मोजले आणि बरोबर निम्म्यावर आणून सोडलं. चक्रावरची पांढरी टेप वर आली. म्हणजे बॉक्सचा मध्य आणि चक्राचा मध्य एकच होता. वरचं काही बिघडलं नव्हतं.

हे बघणं का गरजेचं, ते त्यांनी सावकाश सांगितलं. तिरप्या स्टेअरिंगचा सोपा उपाय पुष्कळ जण करतात: चक्राचा मधला नट काढायचा, चक्र उपटायचं, दातांवर थोडं फिरवून सरळ दिसेल असं परत बसवायचं. पाच मिनिटांचं काम आणि गिऱ्हाईक खूश. पण बॉक्सच्या आत जे दात एकमेकांत बसतात ते मध्यावर सगळ्यात घट्ट असतात आणि दोन्ही बाजूंना थोडे सैल. सरळ जाताना हाताला प्ले लागू नये म्हणून ते तसे केलेले असतात. चक्र उपटून फिरवलं की ते सरळ दिसतं, पण आतले दात मध्यावरून हललेलेच राहतात. मग सरळ रस्त्यावरच स्टेअरिंग पोकळ लागतं, गाडी एका बाजूला जास्त वळते आणि दुसऱ्या बाजूला कमी. "वरून सरळ केलं म्हणजे आतून सरळ होते काय?" एवढंच ते म्हणाले आणि परत खाली गेले.

नवा जॉइंट बसला, ड्रॅग लिंक जोडली गेली, गाडी चाकांवर उतरली. टाय रॉड तपासून झाला: दोन चाकांच्या पुढच्या कडांमधलं अंतर आणि मागच्या कडांमधलं अंतर लाकडी पट्टीने मोजलं. पुढे काही मिलिमीटर कमी, जसं हवं तसंच. हा क्रम उलटवता येत नाही. आधी टाय रॉड, मग ड्रॅग लिंक. मग गाडी समोरच्या सपाट जागेत सरळ ढकलत आणली, चाकं नाकासमोर उभी राहतील अशी, आणि मिस्त्री पोतं टाकून खाली शिरले.

मी चालकाच्या दाराशी उभा होतो. सीटवर कोणी नव्हतं. खालून लॉकनट सुटल्याचा कर्रर्र आवाज आला, आणि मग माझ्या डोळ्यांसमोर स्टेअरिंग आपोआप फिरायला लागलं. चाकं जमिनीला रोवलेली असतात, ती हलत नाहीत. खाली दांडा लांबला तर कुठेतरी हालचाल व्हायलाच हवी, म्हणून पिटमन आर्म मागे रेटला जातो, बॉक्स फिरतो आणि वर चक्र फिरतं. दांड्याला एक फेरा दिला तर लांबीत दोन-तीन मिलिमीटरचाच फरक पडतो, पण वर पांढरी टेप दोन-चार बोटं सरकते. टेप हळूहळू वर येत गेली, जरा पुढे गेली, आणि मी हाक मारल्यावर अर्धा फेरा उलटी आली. मिस्त्रींनी दोन्ही टोकांचे जॉइंट एकाच कोनात धरले, म्हणजे वळताना एक टोक दुसऱ्याआधी अडणार नाही, आणि लॉकनट आवळले. शेवटी रस्त्यावर चक्कर. तीही रस्त्याच्या मधोमध, कारण आपले रस्ते पाणी वाहून जावं म्हणून कडेला उतरते असतात आणि डाव्या कडेने जाताना चांगलं स्टेअरिंगही किंचित उजवीकडे धरावं लागतं.

या कामाची रीत मला पूर्णपणे पटली आहे, म्हणूनच तिच्यापुढच्या अडचणी बेचैन करतात.

पहिली अडचण अलाइनमेंटच्या मशिनची. शहरातल्या कारला स्टेअरिंग रॅकच्या दोन बाजूंना दोन टाय रॉड असतात. एक जितका लांबवला तितकाच दुसरा आखडला की स्टेअरिंग मध्यावर येतं. मशिनवरच्या तरुणांचा हात त्यालाच बसलेला. जिप्सी आली की ते एकुलता एक टाय रॉड फिरवतात. त्याने स्टेअरिंग मध्यावर येत नाही, उलट चाकांची समांतरता बिघडते आणि महिनाभरात पुढचे टायर एका कडेने खाल्ले जातात. पडद्यावरचे आकडे अचूक असतात. कोणता दांडा फिरवायचा ते मात्र माणसालाच ठाऊक असावं लागतं.

दुसरी अडचण या गाड्यांच्या अंगावर चढवलेल्या वजनाची. सहा पर्यटकांसाठी मागे उंच बाकं बसवली जातात, पाट्यांमध्ये जादा पाटा घातला जातो. मागची बाजू उंचावली की नाक खाली जातं आणि वळणानंतर स्टेअरिंगला आपोआप सरळ आणणारा चाकांचा कोन, म्हणजे कॅस्टर, कमी होतो. तोल साधायला कोणी पुढेही पाटे चढवतं. मग चासी वर जाते, ॲक्सल खालीच राहतो, ड्रॅग लिंकचा उतार वाढतो आणि तिचा आडवा पल्ला घटतो. स्टेअरिंग लगेच तिरपं होतं. ते दांडा फिरवून सरळ करता येतं, पण उतार तसाच राहतो, आणि प्रत्येक खड्ड्यात पाटा दबला की दांडा चाकाला थोडा ढकलतो. हा धक्का चालकाच्या मनगटात जातो. त्यावर पान्याचा उपाय नाही. गाडी मुळात उंच करू नये, असं मिस्त्री सांगतात, आणि बहुतेक मालक ऐकत नाहीत.

जिप्सीच्या जागी जिम्नी येईल म्हणावं, तर २०२३ मध्ये इथे विक्रीला आलेल्या त्या गाडीतही सलग ॲक्सल आहे, बॉक्स आहे, ड्रॅग लिंक आहे. शिवाय स्टेअरिंग किती वळलंय हे मोजणारा सेन्सर आणि त्यावर चालणारी ईएसपी, म्हणजे गाडी घसरू नये म्हणून स्वतः ब्रेक लावणारी यंत्रणा आहे. तिथे स्टेअरिंग तिरपं राहिलं तर गाडी वळते आहे असा संगणकाचा समज होऊ शकतो आणि तो विनाकारण ब्रेक लावू शकतो. म्हणजे खालून, दांड्यापासून सरळ करण्याची ही रीत पुढे जास्तच लागणार आहे. ती शिकायला या शेडमध्ये सध्या एकच पोरगा आहे, आणि त्याला पुण्याच्या एखाद्या शोरूममध्ये नोकरी हवी आहे.

मी निघालो त्या दिवशी शेडच्या कोपऱ्यात एक जिप्सी घोड्यांवर होती. तिचा बॉल जॉइंट कधीतरी सैल झाला आणि तशीच ती हंगामभर पळवली गेली. नकलमधल्या ज्या निमुळत्या भोकात जॉइंटचा खिळा घट्ट बसतो, ते भोक घासून लांबट झालं. आता नवा जॉइंट घातला तरी तो हलणार आणि स्टेअरिंग रोज वेगळ्या जागी राहणार. कोणी त्यात वेल्डिंग भरून देतं, कोणी पत्र्याची चकती ठोकतं. मिस्त्रींनी दोन्हीला नकार दिला. नकल बदलायलाच हवी, आणि ती मिळणार फक्त भंगारात निघालेल्या दुसऱ्या जिप्सीची. नागपूरच्या भंगारवाल्यांकडे निरोप गेले आहेत, लष्कराच्या लिलावातल्या गाड्या घेणाऱ्या एकालाही विचारलं आहे. मालकाला १ ऑक्टोबरला गाडी गेटवर उभी करायची आहे. त्याने दुसऱ्या गॅरेजला फोन लावला, तिथे वेल्डिंग करून द्यायला तयार होते. मिस्त्रींनी त्याला समोर बसवून ते लांबट झालेलं भोक दाखवलं, त्यात बोट घालायला लावलं, आणि म्हणाले, "भाऊ, मागं सहा लोक बसवता तुम्ही. नकल भेटेपर्यंत ही गाडी मी बाहेर नाही काढू देत."