सत्तावीस की बहात्तर? : एका भावी शिक्षिकेचे चिंतन

याच निवासी शाळेत राहून मी शालान्त परीक्षेपर्यंतचे शिक्षण घेतले. सध्या अध्यापक विद्यालयाच्या दुसऱ्या वर्षाला असून, सराव पाठांसाठी एका प्राथमिक शाळेत दुसरीच्या वर्गावर जाते. स्मरणिकेसाठी लिहिण्याची सूचना आली तेव्हा ‘खरे शिक्षण’ या विषयावर थोरामोठ्यांचे विचार संकलित करावेत, असे प्रथम मनात होते. परंतु माझे विचार ज्याने बदलले, तो प्रसंग फार लहान आहे.

संख्यालेखनाचा पाठ होता. मी ‘सत्तावीस’ म्हटले आणि एका मुलाने पाटीवर ७२ लिहिले. मी फुली मारली. पुढच्या संख्येलाही तेच घडले, पुन्हा फुली. तिसऱ्या वेळी त्याने शेजाऱ्याच्या पाटीकडे पाहून उत्तर उतरवले. ते बरोबर होते म्हणून मी त्याला शाबासकी दिली! माझे पाठटाचण नियमाप्रमाणे पूर्ण झाले होते. त्या मुलाने मात्र त्या तासात एकच गोष्ट शिकली : स्वतः विचार केला तर फुली मिळते.

रात्री विचार करताना ध्यानात आले की, त्याने ऐकले तसेच लिहिले होते. ‘सत्तावीस’ या शब्दात आधी सात येतात, मग वीस. लिहिताना मात्र आधी दोन, मग सात. अकरापासून नव्याण्णवपर्यंत मराठी संख्यानामांचा क्रम बहुतेक असाच उलटा आहे. त्यातही तीन हा अंक तेवीसमध्ये ‘ते’, त्रेपन्नमध्ये ‘त्रे’ आणि त्र्याहत्तरमध्ये ‘त्र्या’ होतो. एकशे सत्तावीस म्हणताना आधी शतक, मग एकक आणि शेवटी दशक उच्चारावे लागते. आपल्याला हे जन्मभराच्या सवयीने जाणवत नाही. तेलुगू वा कन्नड भाषेत दशक आधी येतो. तिथल्या मुलाच्या वाट्याला ही अडचण येत नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्यापुढे काड्या ठेवल्या आणि सत्तावीस मोजून द्यायला सांगितले. त्याने दहा-दहाच्या दोन जुड्या बांधल्या आणि सात सुट्या काड्या बाजूला ठेवल्या. संख्या त्याला पूर्ण कळली होती. अडत होती ती केवळ तिच्या नावापाशी. २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात रूढ नावांसोबत ‘वीस सात’ अशा वाचनाचीही सोय केली, तेव्हा केवढा वाद झाला! भाषेच्या सौंदर्याची काळजी मलाही आहे. तथापि त्या वादात पाटीवर ७२ लिहिणाऱ्या मुलाची बाजू फारच थोड्यांनी मांडली, असे मला वाटते.

धम्मपदाच्या अट्ठकथेत चूळपंथकाची कथा आहे. चार महिन्यांत त्याला एक गाथा पाठ होईना. नवा चरण शिकला की जुना विसरे. थोरल्या भावाने, महापंथकाने, त्याला विहार सोडून जाण्यास सांगितले. भगवान बुद्धांनी मात्र त्याच्या हाती एक स्वच्छ वस्त्र दिले आणि ‘रजोहरण’ म्हणजे ‘धूळ पुसणे’ एवढाच शब्द उच्चारत ते चोळत बसण्यास सांगितले. वस्त्र हळूहळू मळत गेले, आणि गाथेतून जे उमजले नव्हते ते अनित्यत्व त्याला हातातल्या कापडात दिसले. या कथेत मला महापंथक अधिक अस्वस्थ करतो. तो दुष्ट नव्हता, अज्ञानी तर नव्हताच. त्याच्यापाशी शिकवण्याची एकच रीत होती, आणि तिच्यात न बसणारा शिष्य त्याला अपात्र वाटला. आमच्या व्यवसायात महापंथकांचीच संख्या मोठी आहे. त्या दिवशी फुल्या मारणारी मीही त्यांतलीच एक.

महात्मा फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात, प्राथमिक शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून यावेत, नांगर वा सुताराचे हत्यार हाती धरण्याची त्यांना लाज वाटू नये व खालच्या थरातील लोकांत त्यांनी मोकळेपणाने मिसळावे, अशी अपेक्षा व्यक्त केली होती. मला त्यामागचे एक कारण असे दिसते : ज्याला मुलाचे घर ठाऊक आहे, त्याला मुलाच्या चुकीचा उगमही लवकर सापडतो.

माझ्या टाचणवहीत आता मी एक रकाना वाढवला आहे : ‘असे का लिहिले असावे?’ पर्यवेक्षकांच्या नमुन्यात तो नाही, आणि पुष्कळदा तो कोराच राहतो. साठ मुलांच्या वर्गात तो कसा भरायचा, याचे उत्तर माझ्यापाशी अद्याप नाही.

गेल्या आठवड्यात त्याच मुलाने ‘एकोणतीस’ ऐकून ३१ लिहिले. मी फुली न मारता कारण विचारले. तो क्षणभर घुटमळला, मग म्हणाला, “बाई, एक आणि तीस.” आम्ही दोघांनी मिळून काड्यांच्या तीन जुड्या बांधल्या, आणि एकीतली एक काडी त्याने स्वतःच्या हाताने काढून घेतली.