वाकडे शेपूट, वाकडी वाट

कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडे ते वाकडेच, ही म्हण आपण कुत्र्यासाठी क्वचितच वापरतो. ती वापरतो पोरासाठी. शाळा बुडवणारा, मारामाऱ्या करणारा, चोरीत सापडलेला पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा दिसला की गावच्या पारावर ती ऐकू येते. आणि खरे सांगायचे तर शिक्षकांच्या खोलीतही. आज ज्या उपक्रमाची माहिती द्यायची आहे, त्यात असे पोर आणि असे बेवारशी कुत्रे एकमेकांच्या हाती सोपवतात.

अमेरिकेत ऑरेगॉन नावाचे राज्य आहे. तेथे वुडबर्न गावी गुन्ह्यात सापडलेल्या मुलांसाठी मॅक्लारेन ही बंदिस्त सुधारशाळा आहे. तिथल्या शिक्षिका जोन डाल्टन यांनी १९९३ साली ‘प्रोजेक्ट पूच’ सुरू केला. पूच म्हणजे तिकडच्या बोलीत कुत्रे. मालकाने टाकलेली कुत्री निवाऱ्यातून आणायची आणि एकेका मुलाकडे एकेक द्यायचे. त्याचे खाणेपिणे, आंघोळ, खोलीची झाडलोट त्या मुलाने करायची. हाक मारल्यावर यायला, ‘बस’ म्हटल्यावर बसायला त्यानेच शिकवायचे. कुत्रे तयार झाले की ते एखाद्या कुटुंबात कायमचे राहायला जाते.

आता तुम्ही म्हणाल, यात पोर कसे सुधारते? त्याचे असे आहे. कुत्र्याला आरडाओरडा करून शिकवता येत नाही. काठी उगारली तर ते कोपऱ्यात दडते, नाही तर दात दाखवते. हाकेसरशी ते एक पाऊल पुढे आले की त्याच क्षणी शाबासकी आणि भाकरीचा तुकडा द्यावा लागतो. तोच तुकडा पाच मिनिटांनी दिला, तर तो कशाबद्दल मिळाला हे त्याला उमगत नाही. म्हणजे शिकवणाऱ्याला आवाज खाली आणावा लागतो, राग गिळावा लागतो, काल फसलेले आज पुन्हा पहिल्यापासून करावे लागते. शिवाय मुलाचे नाव पोलिसांच्या वहीत आहे, हे कुत्र्याला ठाऊक नसते. ते फक्त आजची वागणूक पाहते.

सगळ्यांत अवघड दिवस निरोपाचा. आपल्या हाताने वाढवलेले जनावर त्याच्या भल्यासाठी दुसऱ्याच्या हाती द्यायचे! पण आपण केलेले काम कुणाच्या तरी घरी उपयोगी पडले, हे त्या मुलाला तिथेच दिसते.

आपल्या कोल्हापूरला ही रीत अगदी परकी नाही. गुन्हेगार म्हणून शिक्का बसलेल्या जमातींची रोजची हजेरी शाहू महाराजांनी १९१८ साली बंद केली आणि फासेपारध्यांना पहाऱ्याच्या नोकऱ्या दिल्या. ज्यांच्यावर पहारा, त्यांनाच पहारेकरी केले. विश्वास आधी टाकला, पुरावा मागाहून मागितला.

आपल्याकडे कायद्यातही वाट आहे. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाच्या कलम १८ प्रमाणे बाल न्याय मंडळ मुलाला देखरेखीखाली समाजसेवा करण्याचा आदेश देऊ शकते. पुण्या-मुंबईकडे अ‍ॅनिमल एंजल्स फाउंडेशन ही संस्था शिकवलेली कुत्री विशेष मुलांच्या शाळांत नेत आली आहे. जनावराच्या सोबतीचा असा उपयोग आपल्या मुलांनाही नवा नाही.

स्वयंसेवक होऊ पाहणाऱ्यांनी मात्र चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, निरीक्षणगृहाच्या अधीक्षकांची रीतसर परवानगी. दुसरी, कुत्र्याला रेबीजची लस आधी टोचलेली हवी. तरीही चावलेच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. हळद-चुना लावत बसू नये. तिसरी, मुलाचे नाव वा छायाचित्र कुठेही प्रसिद्ध करू नये. कलम ७४ तशी मनाई करते. चौथी गोष्ट सर्वांत मोठी. ठरल्या वारी, ठरल्या वेळी जायचेच. चार दिवस उत्साहाने येऊन पाचव्या दिवशी नाहीशी झालेली माणसे या मुलांनी पुष्कळ पाहिलेली असतात.

आणि प्रत्येक मुलाला कुत्रे द्यावेच असेही नाही. कुणाला भीती वाटते. जनावराला छळण्याची खोड असलेल्याला तर एकटे सोडूच नये. अशा मुलांसाठी दुसरे काम शोधावे. वासरू, रोपवाटिका, काहीही चालेल. त्याच्या हाती काहीतरी जिवंत सोपवावे आणि रोज जाऊन पाहावे, एवढेच.